सोलापुरात खाली चार लूम (यंत्रमाग) आणि वर राहतं घर, तर छतावरच्या सोलरला सूर्यघर योजनेची सबसिडी मिळेल का?

मिळेल, पण फक्त वरच्या घराच्या मीटरवर, लूमच्या मीटरला नाही. पीएम सूर्यघर २०२४ ला आली ती १ कोटी घरांसाठी, त्यामुळे बघतात ते कनेक्शन घरगुती आहे का एवढंच, छत एकच असलं तरी. १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ किंवा जास्तीला ७८ हजार, पुढं कितीही वाढवा सबसिडी तेवढीच. पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात, हे कोटेशनवर लिहूनच घ्या नायतर सबसिडी अडकते. मी पूर्व भागात सोलर बसवायचं काम करतो, हा प्रश्न दर आठवड्याला येतो, आणि कोणीतरी सांगतं की घरच्या मीटरवर सोलर लावा न् वायर खाली लूमला द्या, तसलं अजिबात करू नका, घरगुती कनेक्शनवर धंदा चालवला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंडाचं बिल येतं. लूमच्या मीटरला सोलर लावायचंच असेल तर या सबसिडीशिवाय लावता येतं, नेट मीटरिंग (जास्तीची वीज लाईनला जाते न् बिलातून वजा होते) तिथंपण होतं.

एक मात्र ध्यानात ठेवा, साधी ऑनग्रिड सिस्टीम (लाईनला जोडलेली, बिनबॅटरीची) लाईट गेली की भर उन्हातपण बंद पडते, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते, बॅकअप पाहिजे तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागेल. आणि मे महिन्यात पॅनल इतकं तापतं की हात टेकवत नाही, तेव्हा युनिट थोडे कमीच पडतात, बिघाड नसतो तो.