ऑफिसच्या मेलमधले सीसी, आयमॅप, शेअर्ड मेलबॉक्स हे शब्द कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

तुम्ही लिहिलंय की सावंतवाडीजवळच्या एका काजू कारखान्याच्या ऑफिसात नवीन लागलात, घरी जीमेल वापरता, पण इथे "बीसीसीत टाका", "शेअर्ड मेलबॉक्सवर आलंय का बघा", "इन्व्हाइट ॲक्सेप्ट करा", "तुमचं पॉप आहे की आयमॅप?" असं दिवसभर कानावर पडतं आणि विचारायला संकोच वाटतो. संकोच सोडा. हे शब्द बिनधास्त फेकणाऱ्यांना आयमॅप म्हणजे काय ते एकदा विचारून बघा, निम्मे विषय बदलतील.

मी रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि मेल बघतो. आंबा बागायतदार, हॉटेलवाले, पतसंस्था अशी गिऱ्हाइकं. शब्दांची यादी पाठ करून यातलं कुणी शिकलेलं मी पाहिलं नाही. नवा शब्द आला की दोनच गोष्टी विचारायच्या: मेल ठेवलाय कुठे, आणि तो कोणाकोणाला दिसतो.

आधी 'कुठे'. मेल आपल्या कॉम्प्युटरवर येतो असं आपण म्हणतो, पण तो आधी येतो सर्व्हरवर, म्हणजे दूर कुठेतरी रात्रंदिवस चालू असलेल्या एका कॉम्प्युटरवर. तो वाचायला तुम्ही जे सॉफ्टवेअर वापरता, आउटलुक, थंडरबर्ड किंवा फोनमधलं मेलचं ॲप, त्याला क्लायंट म्हणतात. काहीही इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्ये उघडलंत तर ते वेबमेल. घरचं जीमेल तुम्ही कॉम्प्युटरवर बहुधा असंच बघत असणार.

क्लायंटने सर्व्हरवरून मेल कसा आणायचा याच्या दोन पद्धती म्हणजे पॉप आणि आयमॅप. पॉप मेल आपल्या मशीनवर उतरवून घेतो आणि वेगळं सांगितलं नाही तर लगेच किंवा काही दिवसांनी सर्व्हरवरचा पुसून टाकतो. ज्या काळी डायल-अपचं मिनिटामिनिटाचं बिल यायचं आणि सर्व्हरवरची जागा महाग होती, त्या काळी हे शहाणपणाचंच होतं: लाइन जोडा, मेल ओढा, लाइन तोडा. आयमॅप मेल सर्व्हरवरच ठेवतो आणि तुम्हाला तिथला दाखवतो. त्यामुळे ऑफिसात वाचलेला मेल फोनवरही वाचलेला दिसतो, आणि इथे बनवलेला फोल्डर तिथेही दिसतो. ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला असताना तयार केली, म्हणजे नवी अजिबात नाही. आपल्याकडे मात्र पॉपवर चालणारी जुनी ऑफिसं अजून सापडतात.

फरक किती मोठा ते २२ जुलै २०२१ ला कळलं. वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि तळमजल्यावरची दुकानं, ऑफिसं बुडाली. ज्यांचं पॉप होतं त्यांचा वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार त्या एका सीपीयूत होता, तो चिखलात गेला. ज्यांचं आयमॅप होतं त्यांनी पुढे कुणाचा तरी लॅपटॉप मागून आणला, पासवर्ड घातला, आणि बिलं, ऑर्डरी, विमा कंपनीशी झालेलं बोलणं सगळं जसंच्या तसं समोर. तेव्हा "पॉप की आयमॅप?" असं कुणी विचारलं तर तो तांत्रिक बडेजाव समजू नका. ऑफिस बुडालं तर मेल वाचेल का, एवढंच तो विचारतोय.

पण आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. फोनवर डिलीट केलेला मेल सर्व्हरवरूनही जातो, म्हणजे सगळीकडूनच जातो. जीमेलमध्ये तो ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतो, नंतर कायमचा गायब. फोनमधली जागा वाचवायची म्हणून ऑफिसचे मेल पुसणारे बरेच जण भेटतात. त्याऐवजी अर्काइव्ह करा: मेल इनबॉक्समधून बाजूला होतो, पण नाहीसा होत नाही, शोधला की सापडतो. आणि इन्कम टॅक्स, जीएसटी, निर्यातीची कागदपत्रं यांची वेगळी प्रत डिस्कवर हवीच.

आणायला पॉप किंवा आयमॅप, तसं पाठवायला एसएमटीपी. याचं तुम्हाला फारसं काम नाही, फक्त आउटबॉक्स आणि सेंट यांतला फरक ओळखा. कोकण रेल्वेने येताना कारबुडे बोगद्यात, साडेसहा किलोमीटरच्या अंधारात, सेंडचं बटण दाबलंत तर मेल आउटबॉक्समध्ये बसून राहतो. रेंज आली की सुटतो आणि मग सेंटमध्ये दिसतो. जून-जुलैत वीज आणि नेट दोन्ही लपंडाव खेळत असताना "साहेब, मेल पाठवलाय" म्हणण्याआधी तो सेंटमध्ये आहे ना एवढं बघून घ्या.

आता 'कोणाला दिसतो'. भांडणं होतात ती इथे.

'टू'मध्ये ज्याने काम करायचं तो. 'सीसी'त ज्याला नुसतं माहीत असावं तो. सॉफ्टवेअरला यात काही फरक पडत नाही, दोघांनाही तोच मेल तसाच जातो. हा निव्वळ रिवाज आहे, पण ऑफिसात त्यावर बरंच अवलंबून असतं. 'टू'मध्ये पाच जण घातले की पाचही जण समजतात दुसरा कुणीतरी करेल. आणि साहेबांना दर मेलला सीसीत ठेवणं म्हणजे सहकाऱ्याची चुगली करण्याचा सभ्य मार्ग आहे, हेही लवकरच लक्षात येईल.

'बीसीसी'तलं नाव बाकी कुणालाच दिसत नाही. तुमच्या धंद्यात याचा खरा उपयोग दरपत्रकाला. काजूगराचे या आठवड्याचे भाव वीस व्यापाऱ्यांना पाठवायचेत आणि तुम्ही वीसही पत्ते 'टू'मध्ये टाकलेत, तर तुमची गिऱ्हाइकांची अख्खी यादी तुम्ही वीस जणांच्या हातात दिलीत. त्यातले दोघे तरी एकमेकांचे वैरी निघतात. 'टू'मध्ये स्वतःचा पत्ता, बाकी सगळे बीसीसीत. एक मेख मात्र ध्यानात ठेवा. बीसीसीतल्या माणसाने रिप्लाय ऑल केलं तर त्याचं उत्तर 'टू' आणि 'सीसी'तल्या सगळ्यांना जातं आणि तो तिथे लपून बसला होता हे उघड होतं. म्हणून कुणाला गुपचूप दाखवायचंच असेल तर बीसीसी टाळा. मेल आधी पाठवा, मग सेंटमधला तोच मेल त्या माणसाला फॉरवर्ड करा.

यानंतर ग्रुपवेअर. नाव भारदस्त आहे, अर्थ एवढाच की मेल, कॅलेंडर, संपर्क आणि फाइली एका ऑफिसातल्या माणसांना मिळून वापरता याव्यात. मायक्रोसॉफ्ट ३६५, गूगल वर्कस्पेस, झोहो हे सगळे त्यातलेच. यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो तीन गोष्टींत, कारण बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. कंपनीच्या बोर्डावर 'इन्फो' किंवा 'सेल्स' नावाचा पत्ता छापलाय. तिथे आलेला मेल जातो कुठे?

तो एलियस असेल तर तिथे स्वतंत्र मेलबॉक्स नाहीच. एकाच माणसाचा तो दुसरा पत्ता, सगळं त्याच्याच इनबॉक्समध्ये पडतं. तो रजेवर गेला की सेल्सही रजेवर.

डिस्ट्रिब्यूशन लिस्ट असेल तर आलेल्या मेलची एकेक प्रत यादीतल्या प्रत्येकाकडे जाते. तुम्ही तुमची पुसलीत तरी बाकीच्यांची राहते. पण दुबईच्या व्यापाऱ्याला उत्तर कुणी दिलं का, हे कुणालाच दिसत नाही. एक तर तिघे तीन वेगवेगळे भाव कळवतात किंवा कुणीच काही कळवत नाही.

शेअर्ड मेलबॉक्स म्हणजे मेल एकच, बघणारे अनेक. ग्रामपंचायतीतलं आवक-जावक रजिस्टर असतं ना, तसंच. सगळे तेच एक उघडतात, आणि उत्तराची प्रत त्यातच ठेवायची सेटिंग केलेली असेल तर कुणी काय उत्तर दिलं तेही सगळ्यांना तिथेच सापडतं. उलट बाजू अशी की तुम्ही नुसता उघडून बघितलेला मेल दुसऱ्यालाही वाचलेला दिसू शकतो आणि त्याला वाटतं काम झालं. म्हणून ज्यांना शेअर्ड मेलबॉक्स आहे त्यांनी एक नियम ठरवावा: हातात घेतला नाही तर परत 'अनरेड' करून ठेवायचा. तुमचे साहेब "बघा" म्हणतात ते या डब्याबद्दल, तेव्हा हे त्यांनाच विचारून घ्या.

याला जोडूनच डेलिगेट, म्हणजे आपला मेल बघायचा अधिकार दुसऱ्याला देणं. साहेबांचा मेल तुम्ही बघायचा असेल तर त्यांचा पासवर्ड घेऊ नका. आपल्याकडे मॉनिटरला पिवळ्या चिठ्ठीवर पासवर्ड चिकटवायची पद्धत आहे, ती मला बिलकुल पसंत नाही. उद्या काही गडबड झाली तर तो मेल साहेबांनी पाठवला की तुम्ही, हे सिद्ध कसं करणार? डेलिगेट केलं की तुम्ही तुमच्याच पासवर्डने आत येता. आउटलुकमध्ये तुम्हाला 'सेंड ऑन बिहाफ'चा अधिकार दिला असेल, तर तुमच्या उत्तरावर 'अमुक यांच्या वतीने' असं दिसतं. 'सेंड ॲज' दिला असेल तर थेट साहेबांचंच नाव जातं. कुठला अधिकार मिळालाय ते पहिल्याच दिवशी पाहून ठेवा.

कॅलेंडरचं थोडक्यात. इन्व्हाइट म्हणजे बैठकीचं बोलावणं. ॲक्सेप्ट केलंत की ते तुमच्या कॅलेंडरवर पक्कं होतं आणि बोलावणाऱ्याला कळतं. टेंटेटिव्ह म्हणजे बघू, जमलं तर. फ्री-बिझीमध्ये तुम्ही मोकळे की अडकलेले एवढंच दुसऱ्याला दिसतं, कशात अडकलात ते दिसत नाही. "कॅलेंडर ब्लॉक करा" म्हणजे ती वेळ बिझी दाखवा. परदेशी गिऱ्हाइकाला वेळ कळवताना मेलच्या मजकुरात 'चार वाजता' असं लिहू नका, इन्व्हाइटच पाठवा. दुबई आपल्या दीड तास मागे आहे. आपल्याकडचे चार त्याच्या कॅलेंडरवर आपोआप अडीच होतात, दोघांनाही गणित करावं लागत नाही.

अटॅचमेंट. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, बऱ्याच कंपन्यांची याहून कमी असते. शिवाय प्रवासासाठी फाइलचं अक्षरांत रूपांतर होतं आणि ती जवळपास एक तृतीयांशाने फुगते, म्हणून मर्यादेच्या जेमतेम आत असलेली फाइलसुद्धा अडकते. मोठे फोटो असतील तर ड्राइव्हवर ठेवून लिंक पाठवा. इथे पुन्हा 'कोणाला दिसतो' आलंच: 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय निवडलात तर ती लिंक फिरत फिरत जिथे जाईल तिथे उघडते. ठरावीक पत्त्यांनाच परवानगी द्या, आणि 'एडिट' नको, 'व्ह्यू'.

मेल बाऊन्स झाला, म्हणजे न पोचता परत आला, तर 'मेलर-डेमन' अशा विचित्र नावाने उत्तर येतं. घाबरू नका, त्यातला तीन आकडी कोड बघा. ५ ने सुरू होत असेल तर सर्व्हरने साफ नकार दिलाय, बहुतेक वेळा पत्ताच चुकलेला असतो. ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर आपणहून पुन्हा प्रयत्न करत राहतो.

पाठवलेला मेल परत घेण्याबद्दल भ्रमात राहू नका. आउटलुकचं रिकॉल तुमच्याच संस्थेतल्या मेलबॉक्सवर चालतं, बाहेर गेलेल्या मेलवर नाही. जीमेलचं अनडू म्हणजे मेल काही सेकंद थांबवून ठेवणं, जास्तीत जास्त ३०. सेटिंगमध्ये जाऊन ३० करून टाका.

आणि फिशिंग, म्हणजे खोट्या मेलने फसवणं. निर्यातीच्या धंद्यात लॉटरीच्या मेलपेक्षा भीती असते ती "आमचं बँक खातं बदललंय, पुढचे पैसे या खात्यात भरा" अशा मेलची. नाव ओळखीच्या पार्टीचंच दिसतं, कारण मेलवरचं नाव कुणालाही काहीही ठेवता येतं. त्यामागचा पत्ता उघडून बघा, एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं. कधीकधी पत्ताही खरा असतो, कारण त्यांचा मेलबॉक्सच कुणीतरी फोडलेला असतो. म्हणून खातं बदलल्याचा मेल आला की तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा, त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यांत पांगत जातात.

राहिलं आउट ऑफ ऑफिस, कारण गणपती येतील. चाकरमानी गावी येतात तसं इथलं निम्मं ऑफिसही घरी पळतं. आपोआप जाणाऱ्या उत्तरात परतायची तारीख आणि तातडीसाठी दुसऱ्या कुणाचा तरी पत्ता लिहा, "सगळं ऑफिस रिकामं आहे" हे बाहेरच्यांना सांगू नका. आउटलुकमध्ये आतल्या आणि बाहेरच्या लोकांसाठी दोन वेगळी उत्तरं लिहिता येतात, ती सोय वापरा. आणि शेवटची तारीख भरा, नाहीतर अनंत चतुर्दशी उलटून गेली तरी तुम्ही गणपतीच्या सुट्टीवरच.

तुमच्या ऑफिसात मायक्रोसॉफ्ट, गूगल की झोहो ते खाली कळवलंत तर यातलं कुठलं बटण कुठे आहे तेही सांगतो.