हाजिमेरु की दासु? आधी एवढंच पक्कं करा

जपानीत एखादी क्रिया सुरू होते हे सांगायला क्रियापदाला 'हाजिमेरु' किंवा 'दासु' जोडतात. आधी जोडणी. क्रियापदाच्या 'मासु' रूपातला (म्हणजे आदरार्थी रूपातला) 'मासु' काढा आणि पुढे 'हाजिमेरु' लावा: योमिमासु, योमिहाजिमेरु, म्हणजे वाचू लागणे. 'योमुहाजिमेरु' किंवा 'योंदेहाजिमेरु' ही नवशिक्यांची नेहमीची चूक. 'हाजिमारु' (आपोआप सुरू होणे) हेही इथे चालत नाही. पाऊस आपोआप पडतो, तरी फुरिहाजिमेरुच.

'दासु' अचानक, आवरता न येणाऱ्या सुरुवातीसाठी. नाकिदासु म्हणजे एकदम रडू फुटणे. मराठीत 'लागणे' दोन्हीकडे चालतं, म्हणून गल्लत होते. ठरवून करायच्या गोष्टीला मात्र दासु लावू नका: 'चला, खायला सुरुवात करू' म्हणजे ताबेहाजिमेमाशो. शंका आली की बिनधास्त हाजिमेरु वापरा, बहुतेक वेळा बरोबरच येईल. 'काकेरु' (क्रिया सुरू होऊन अर्धवट राहिल्याचं दाखवणारी अशीच जोडणी) सध्या बाजूलाच राहू द्या.