ट्यूडर दरबारातील शिफारसपत्रे ही निव्वळ खुशामत होती का?

आपण विचारले आहे की, इंग्लंडचा ट्यूडर घराण्यातील राजा आठवा हेन्री याच्या दरबारात पद किंवा जमीन मिळवण्यासाठी लिहिलेली पत्रे ही निव्वळ खुशामत होती का, आणि त्यांचा अभ्यास करायचा झाल्यास सुरुवात कोठून करावी. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. हे उत्तर मी गेली सोळा वर्षे मनातल्या मनात देत आलो आहे, कारण नेमका हाच आक्षेप मला एम.ए.च्या तोंडी परीक्षेत ऐकवण्यात आला होता.

त्या वेळी मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक टेबलावर लिपिक होतो आणि नोकरी सांभाळून शिकत होतो. प्रबंधिकेसाठी मी लाइल कुटुंबाचा पत्रव्यवहार निवडला. आर्थर प्लँटॅजेनेट, व्हायकाउंट लाइल, हा पूर्वीचा राजा चौथा एडवर्ड याचा अनौरस मुलगा, म्हणजे नात्याने हेन्रीचा मामा, 1533 पासून कॅलेचा, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरील तेव्हा इंग्लंडच्या ताब्यात असलेल्या बंदराचा, लॉर्ड डेप्युटी (राजाचा प्रतिनिधी) होता. 1540 मध्ये राजद्रोहाच्या संशयावरून त्याला अटक झाली आणि कागदपत्रे जप्त झाली. त्या जप्तीमुळेच सुमारे 3000 पत्रे आज वाचायला मिळतात. 1981 मध्ये त्यांतील बरीचशी सहा खंडांत छापली गेली. सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयात बसून मी त्यांतील उतारे वहीत उतरवून घेत असे.

माझ्या प्रबंधिकेच्या मध्यभागी एक प्रसंग होता. लाइलची पत्नी ऑनर हिला पहिल्या लग्नाच्या मुलींपैकी ॲन आणि कॅथरिन या दोघींतील एकीला तरी हेन्रीची राणी जेन सीमोर हिच्या सेवेत लावायचे होते. 1537 च्या उन्हाळ्यात राणी गरोदर होती आणि तिला लावे पक्षी खाण्याचे डोहाळे लागले होते. कॅलेहून लावे पाठवले जाऊ लागले. लाइल दांपत्याचा लंडनमधील माणूस जॉन हूसी हा पक्षी चांगले पुष्टच हवेत, अशी ताकीद बाईंना लिहून पाठवत असे. जुलैमध्ये राणी जेवायला बसली असताना लेडी रटलंड आणि लेडी ससेक्स वाढायला होत्या, ताटात हेच लावे होते, आणि तेथेच दोघींपैकी एका मुलीला ठेवून घेण्याचे ठरले. दोन्ही मुलींना पाठवावे, राणी पाहून एक निवडेल, असा निरोप हूसीने धाडला. सप्टेंबरमध्ये ॲन बॅसेट निवडली गेली. पोशाखाचे दोन चांगले जोड, एक साटिनचा आणि एक डमास्कचा, मुलीने घरून आणायचे होते. राणीकडून पगार आणि नेमाचा पोशाख तेवढा मिळणार होता. ॲनचा फ्रेंच शिरोवेष उतरवून तिला इंग्रजी धाटणीची मखमली टोपी घालण्यात आली, तेव्हा हूसीने प्रामाणिकपणे कळवले की, पूर्वीचा वेष तिला अधिक शोभत होता, परंतु राणीची इच्छा पाळलीच पाहिजे.

परीक्षकांनी ही पाने चाळली आणि विचारले, “लावे पक्षी आणि टोप्या! यात राज्यकारभार कोठे आहे? ही तर लाचारी आहे.” मी म्हणालो, “सर, हाच राज्यकारभार आहे.” ते हसले, सोबतचे प्राध्यापकही हसले, आणि मला उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळाले.

त्या दिवशी जे नीट सांगता आले नाही ते येथे सांगतो. आपल्याकडे वशिला म्हटला की नियम मोडून मागच्या दाराने केलेले काम डोळ्यांसमोर येते. ट्यूडर इंग्लंडमध्ये पुढचे दारच तसे होते. पगारी नोकरशाही नव्हती, स्पर्धा परीक्षा नव्हती, खडे सैन्य नव्हते. राजाच्या हाती पदे, जमिनी, अज्ञान वारसांची पालकत्वे आणि परवाने होते, आणि त्यांच्या वाटपावरच परगण्यांतील उमराव बांधले जात. राजाने अर्ज मंजूर करून सही केली, तरी तो कागद सिग्नेट, प्रिव्ही सील आणि अखेरीस ग्रेट सील अशा तीन मुद्रांच्या कचेऱ्यांतून जाई. प्रत्येक ठिकाणी फी होती आणि लेखनिकांचे पोट मुख्यत्वे तिच्यावर चाले. मधली पायरी गाळून त्यांची फी बुडू नये म्हणून 1536 मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला. अशा व्यवस्थेत पत्र लिहून काम होत नाही, पत्राच्या मागे उभा राहणारा माणूस लागतो. आवक-जावक टेबलावर बसलेल्या कोणालाही हे पहिल्या आठवड्यात कळते. विद्यापीठात त्याला सिद्धांत लागतो.

हेन्रीची मुलगी राणी एलिझाबेथ हिच्या काळातही हेच दिसते. प्रिव्ही कौन्सिलचा (राणीच्या सल्लागार मंडळाचा) लेखनिक रॉबर्ट बील याने 1592 मध्ये मुख्य सचिवासाठी सूचना लिहिल्या, त्यात राणीकडे जाण्यापूर्वी तिची मनःस्थिती तिच्या खासगी दालनातील माणसांकडून जाणून घ्यावी आणि ती सह्या करत असताना तिला रुचेल असे काही बोलत राहावे, असा सल्ला आहे. शिवाय केवळ आर्जवाने काम झाले असते, तर राणीच्या मर्जीतला उमराव अर्ल ऑफ एसेक्स याने महिनोन्महिने राणीचा पिच्छा पुरवल्यावर फ्रान्सिस बेकन अ‍ॅटर्नी जनरल झाला असता. 1594 मध्ये ते पद एडवर्ड कोकला मिळाले.

पत्रांतील ‘आपला दीन सेवक’ छापाच्या शब्दांवरून लाचारी ठरवणे तर मला हास्यास्पद वाटते. तो मायना आहे. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’ लिहिणारा माणूस खरोखर जमिनीवर आडवा पडला होता, असे आपण म्हणत नाही.

आता काही गोष्टी मान्य करायला हव्यात. लाइल कुटुंब समुद्रापलीकडे होते, म्हणून दरबारात राहणारे लोक जे तोंडी बोलत ते यांना लिहावे लागले. त्यामुळे हा नमुना सर्वसाधारण नाही. हूसी पगारी माणूस होता, आपली धडपड तो थोडी फुगवून सांगत असणार. आणि इतक्या खटपटीनंतर राणी ऑक्टोबरमध्ये बाळंतपणानंतर वारली, म्हणजे ॲनची पहिली नोकरी दीड महिनाही टिकली नाही. परीक्षकांनी हे मुद्दे काढले असते, तर मी निरुत्तर झालो असतो. त्यांनी ते काढले नाहीत.

सुरुवातीबद्दल थोडक्यात सांगतो. हेन्रीच्या काळातील सरकारी कागदांचे 1862 ते 1910 दरम्यान छापलेले गोषवारे इंटरनेटवर आहेत, ते सूची म्हणून वापरा. त्यांत मायने आणि आर्जवे बहुधा गाळलेली असतात, आणि आपला प्रश्न नेमका त्यांच्याविषयी आहे, म्हणून मूळ पाठ शोधा. हेन्रीचा प्रमुख मंत्री थॉमस क्रॉमवेल याचे कागद वाचताना हे ध्यानात ठेवा की, त्याला आलेली पत्रे भरपूर आहेत आणि त्याने पाठवलेली त्या मानाने फारच थोडी. लाइलची पत्रे घेतलीत, तर मालकाआधी हूसीची वाचा. आणि प्रबंधिकेच्या शीर्षकात लावे पक्षी घालू नका. मी घातले होते.