गाडीचा एसी-हीटर नीट चालत नाही? आधी एवढं तपासा
लगेच गॅस भरायला धावू नका, नवशिक्यांची हीच पहिली चूक. आधी ठरवा: हवा कमी येतेय, तापमान बदलत नाही, की हवा भलतीकडूनच येतेय?

- हवा कमी: केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारी जाळी) काढून बघा, बहुतेकदा ग्लोव्ह बॉक्समागे असतो. साध्या नॉबच्या गाडीत ब्लोअर (हवा फेकणारा पंखा) फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल, तर मोटर ठीक आहे, बहुधा त्याचा स्पीड कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलाय.
- नॉब फिरवल्यावर डॅशबोर्डमागून टकटक: बहुधा फ्लॅपच्या (हवेची दिशा किंवा गरम-गार बदलणाऱ्या झडपेच्या) अ‍ॅक्च्युएटरमधल्या, म्हणजे ती हलवणाऱ्या छोट्या मोटरमधल्या, प्लास्टिक गिअरचे दात तुटलेत.
- हीटर गार: इंजिन थंड असतानाच कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बघा. पातळी बरोबर असेल, तर गाडी तापल्यावर हीटरचे दोन्ही होज (रबरी नळ्या) जपून चाचपा. एक गरम, दुसरा गार? हीटर कोअर (गरम कूलंटवर हवा तापवणारा छोटा रेडिएटर) तुंबला असावा.

फ्यूज उडाला असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. एसी-हीटरच्या बटणांचं पॅनेल बदलणं (महागडी भानगड!) सगळ्यात शेवटी.