जनजागृतीच्या कामावर नेमणूक झालेल्या वनरक्षक ताईंना

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: भरतीत चार तासांत 16 किलोमीटर चाललात, प्रशिक्षण पूर्ण केलंत आणि नेमणूक मिळाली ती बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात (एसजीएनपी) शाळांच्या सहली आणि सोसायट्यांमधले कार्यक्रम सांभाळायला. बरोबरच्या मुली बीटवर, म्हणजे नेमून दिलेल्या जंगलाच्या पट्ट्यात, गस्त घालतायत. आपण मागे पडू का, लोकांसमोर नेमकं काय बोलायचं आणि पुढे कुठलं प्रशिक्षण मागून घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. माझी खात्यातली बरीच नोकरी मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मागे पडण्याची भीती मनातून काढून टाका. या उद्यानात जनजागृतीचं काम सुरू का करावं लागलं, हे आधी समजून घ्या. 2002 ते 2004 या काळात उद्यानाच्या कडेच्या वस्त्यांमध्ये बिबट्यांचे हल्ले खूप वाढले, माणसं गेली. तेव्हा उत्तर एकच असायचं, पिंजरा. नगरसेवक पिंजरा मागायचे, पेपरात पिंजऱ्याचे फोटो यायचे. पण बिबट्या पकडून दुसरीकडे सोडल्याने हल्ले थांबत नाहीत, उलट वाढू शकतात, हे जुन्नर भागातल्या अभ्यासातून पुढे आलं. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आपल्या जागेकडे परतायला बघतं आणि इथे रिकामी झालेली हद्द दुसरा बिबट्या धरतो. 2011 मध्ये केंद्र सरकारने मानव-बिबट्या संघर्षाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. बिबट्या नुसता दिसला म्हणून पकडू नये, हा त्यातला मोठा मुद्दा. त्याच वर्षी सुनील लिमये उद्यानाचे प्रमुख असताना, बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ ही मोहीम सुरू झाली. पोलीस, महापालिकेचे वॉर्ड, पत्रकार, पाड्यावरची माणसं, सोसायट्यांचे सेक्रेटरी, या सगळ्यांशी खात्याने बसून बोलायला सुरुवात केली. पिंजऱ्याने जे साधलं नाही ते या बोलण्याने बरंचसं साधलं, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा तुमच्याकडे आलेलं काम हे संरक्षणाचंच काम आहे. सुमारे 104 चौरस किलोमीटरचं जंगल आणि त्याला तिन्ही-चारही बाजूंनी भिडलेलं शहर, इथे नुसत्या कुंपणावर भागत नाही.

मात्र एक गोष्ट साहेबांकडे आग्रहाने मागा: आठवड्यातून एक सकाळ गस्तीवर. बोरिवली, तुळशी, येऊर, उद्यानाच्या ज्या भागात पाठवतील तिथे. जो स्वतः जंगलात फिरतो त्याचं बोलणं लोक ऐकतात. नुसती स्लाइड दाखवणाऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत ओळखतात आणि मोबाइल काढून बसतात.

सोसायटीत बोलायला जाल तेव्हा काय न्यायचं ते सांगतो. बिबट्याची वाळलेली विष्ठा, काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून. अर्थात रेंजमधून, म्हणजे वनक्षेत्रपालांच्या कार्यालयातून, परवानगी घेऊन, नोंद करून. तिच्यात केस दिसतात. भिंग द्या आणि लोकांनाच ओळखू द्या. चितळाचे असतात, कधी उंदराचे, आणि शहराच्या कडेच्या नमुन्यात पुष्कळदा कुत्र्याचे. कुत्रा आला की पुढचं सगळं आपोआप येतं. कुत्रे कशावर वाढतात? गेटबाहेर पडलेल्या ओल्या कचऱ्यावर. मग कचरा कुठे टाकायचा, किती वाजता उचलला जातो, मागच्या भिंतीजवळचा दिवा किती दिवस बंद आहे, यावर चर्चा सुरू होते. इथे तुम्ही वॉर्ड ऑफिसमधल्या घनकचरा विभागाच्या माणसाला शेजारी बसवलंत तर निम्मं काम तिथेच होतं. सीसीटीव्हीत बिबट्या दिसला म्हणून ज्यांनी बोलावलं असेल, त्यांचं पहिलं वाक्य ‘घेऊन जा त्याला’ हेच असणार. रागावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे बिबट्या पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, ती सहज मिळत नाही आणि का मिळू नये, हे शांतपणे सांगा. अडचणीच्या वेळी 1926 हा खात्याचा नंबर आहे, तो सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लावून या. रात्री दोन वाजता जनावर पहिल्यांदा त्यालाच दिसतं, आणि कार्यक्रमाला नेमकं त्यालाच कुणी बोलावत नाही. तुम्ही बोलवा.

पाड्यांवर मात्र हीच भाषा घेऊन जाऊ नका. नवापाडा असो, आरेतला एखादा पाडा असो, वारली माणसं वाघोबाला, म्हणजे वाघ-बिबट्याच्या रूपातल्या देवाला, पुजत आलीत आणि बिबट्याच्या शेजारी राहणं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिथे आधी ऐका. त्यांचे प्रश्न रोकडे असतात: रात्री संडासला बाहेर जावं लागतं, दिवा नाही, बकरी गेली तर भरपाईचा अर्ज कुठे द्यायचा. वाकून किंवा उकिडवं बसलेलं माणूस अंधारात बिबट्याला लहान जनावरासारखं दिसू शकतं. म्हणून एकट्याने जाऊ नये, बॅटरी न्यावी, मोठ्याने बोलत राहावं किंवा मोबाइलवर गाणं लावावं, अंधार पडल्यावर पोरांना एकटं अंगणात सोडू नये. एवढं सांगा, पण त्याबरोबर शौचालयाचा आणि दिव्याचा अर्ज स्वतः लिहून द्या आणि त्याचा पाठपुरावाही करा. नुसती काळजी घ्या म्हणून परत येणं हा त्या माणसांवर अन्याय आहे. संध्याकाळी पाण्याला जाणारी बाई काळजी घेतेच, तिच्याकडे दिवा नसतो.

शाळांच्या सहलींबद्दल तुम्ही लिहिलंय की मुलं ‘वाघ कुठाय?’ एवढंच विचारतात. विचारू दे. ट्रॅप कॅमेऱ्याचे, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे, काही फोटो कार्डावर छापून घ्या. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, इतकंच काय, एकाच बिबट्याची डावी आणि उजवी बाजूही सारखी नसते. मुलांचे गट करा, दहा-बारा फोटो द्या आणि त्यात किती बिबटे आहेत ते शोधायला सांगा. मांडीवरचा एखादा तुटका ठिपका, शेपटीच्या मुळाशी जुळलेले दोन, असं काहीतरी कुणीतरी पकडतं आणि वाद सुरू होतो. बिबट्यांची गणना कशी करतात ते मग वेगळं शिकवावं लागत नाही. डावीकडचे फोटो डावीकडच्यांशीच जुळवायचे, हा नियम मुद्दाम आधी सांगू नका. ज्यांची गणती चुकेल त्यांना तो जन्मभर लक्षात राहील. पायवाटेवर चालताना घाई नको. कारवी या जंगली झुडपाचं खोड हातात देऊन पाड्यावरच्या कुडाच्या भिंती यापासून बनतात हे सांगा, वाळवीचं वारूळ दाखवा. महापालिकेच्या शाळांना आधी बोलवा. खाजगी शाळा बसचे पैसे भरून स्वतःहून येतात, त्या कशाही येतीलच.

एक काम कुणी सांगणार नाही, पण ते तुमच्यावर येईल. बिबट्या एखाद्या इमारतीत शिरला की बचाव पथक जातं आणि गर्दी त्यांच्याआधी पोहोचलेली असते. बेशुद्धीच्या औषधाचा डार्ट लागल्यावर जनावर लगेच पडत नाही, बराच वेळ थांबावं लागतं, आणि तेवढ्यात आरडाओरडा झाला तर ते पळतं, माणसांत घुसतं. अशा वेळी मेगाफोन कुणाच्या हातात आहे याला फार महत्त्व असतं. रोज लोकांशी बोलणारी व्यक्ती तिथे हवी. छोटी वाक्यं बोला. ‘मागे सरका’ हे दहा वेळा ओरडण्यापेक्षा ‘त्या निळ्या गेटपर्यंत सगळे मागे या’ असं ठिकाण सांगा. पोलिसांशी आधीची ओळख असेल तर दोरी बांधायला वेळ लागत नाही, म्हणून बैठका कंटाळवाण्या वाटल्या तरी चुकवू नका.

आता प्रशिक्षण. वनरक्षकांच्या अभ्यासक्रमात कायदा, मोजणी, रोपवाटिका, वणवा हे सगळं हवंच. पण लोकांशी बोलण्याचं प्रशिक्षणही तितक्याच गांभीर्याने द्यायला हवं आणि तेही नोकरीच्या पहिल्या वर्षात, असं मला मनापासून वाटतं. चंद्रपूरच्या वन अकादमीत आणि सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या अकादमीत प्रशिक्षणवर्ग होतात. वर्षाच्या सुरुवातीला यादी बघा आणि नाव द्या. त्याआधी प्रथमोपचार शिकून घ्या, सहलीत तो लागतोच. गोरेगावच्या फिल्म सिटीला लागून बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तिथल्या लोकांबरोबर दोन-चार कार्यक्रम नुसते बघा. खाडीकाठ बघायचा असेल तर ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र जवळ आहे. खाडीकाठचं कांदळवन सांभाळणाऱ्या खात्याच्या कांदळवन कक्षाने कोळीवाड्यांबरोबर केलेलं काम आपल्यापेक्षा वेगळ्या पठडीतलं आहे. तिथे जंगल वाचवणं आणि पोट भरणं या दोन्ही गोष्टी एकत्र बोलाव्या लागतात. आणि थोडं गुजराती शिका. बोरिवली-मुलुंडच्या निम्म्या सोसायट्यांत त्याने दार उघडतं.

एक नोंदवही ठेवा. कुठे गेलात, कुणी काय विचारलं, काय कबूल केलं, ते काम झालं का. ती वही खात्याची, तुमच्या बदलीनंतर पुढच्या माणसाच्या हातात पडायला हवी. नाहीतर दर बदलीला पाड्यावरच्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून तीच कहाणी सांगावी लागते आणि मग तो सांगणंच सोडून देतो.

ऑक्टोबरच्या 1 ते 7 ला वन्यजीव सप्ताह आहे. सगळ्या शाळा त्याच आठवड्यात मागणी करतात आणि तुमची तारांबळ उडते. ऑगस्टमध्येच महापालिकेच्या शिक्षण विभागाला वनक्षेत्रपाल साहेबांच्या सहीने पत्र पाठवा, एका दिवशी एकच शाळा आणि एका मार्गदर्शकामागे ठरावीकच मुलं असं त्यात स्पष्ट लिहा. उरलेल्या शाळांना सरळ नोव्हेंबर-डिसेंबरच्या तारखा द्या. तेव्हा हवाही बरी असते आणि जंगलही हिरवं असतं.