नवतपा तोच, रात्र मात्र बदलली

प्रश्न : नागपुरात आम्ही वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब आहे. वडील म्हणतात, ‘४५ अंश नागपूरला नवे नाहीत, पण पूर्वी गच्चीवर पाणी शिंपडून अंथरूण टाकले, की पहाटे चादर ओढावी लागे.’ आता रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो, कूलर चालू असूनही. असे का होते?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : वडिलांचे म्हणणे खरे आहे आणि आपली तक्रारही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सर्वांचे लक्ष दुपारच्या पाऱ्याकडे असते, पण शहराचा उष्मा खरा कळतो तो सूर्यास्तानंतर. काँक्रीट आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतात व रात्री ती सावकाश सोडतात. मोकळ्या रानात ही उष्णता निरभ्र आकाशाकडे निघून जाते. दाटीवाटीच्या वस्तीत मात्र एका भिंतीची धग समोरची भिंत झेलते. झाडे गेल्याने पानांतून होणारे बाष्पीभवन थांबते, आणि एसी आपल्या खोलीतली उष्णता शेजाऱ्याच्या खिडकीत नेऊन सोडतो, ते वेगळेच. हवामानबदलामुळे चढलेले तापमान या सर्वांत भर घालते. दिवसभर शिणलेल्या शरीराला सावरायला रात्रीचा गारवा लागतो, म्हणून हवामान खातेही कमाल तापमान ४० अंश वा अधिक असताना किमान तापमान सरासरीहून ४.५ अंशांनी चढले, तर ‘उष्ण रात्र’ जाहीर करते.

मे २०१० मध्ये ४६.८ अंशांचा तडाखा सोसलेल्या अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा आखला आणि पुढे छपरे पांढरी करण्यावरही भर दिला. आपणही होळीनंतर गच्ची झाडून तिला चुन्याचे दोन हात द्यावेत. खोलीतले तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरू शकते. धुळीने व पावसाने चुना जातो, म्हणून हे काम दरवर्षीचेच समजावे.

कूलर हवा गार करतो, भिंत नव्हे. शिवाय पुष्कळ घरांत तो लावून खिडक्या घट्ट बंद केल्या जातात, ही चूकच. कूलरचा गारवा पाण्याच्या वाफेतून येतो. ती वाफ बाहेर पडली नाही, तर खोली दमट होऊन घाम वाळत नाही. मुंबईची हवा मुळातच दमट, म्हणून तिथे कूलरचा फारसा उपयोग होत नाही. तेव्हा कूलरसमोरची खिडकी हातभर उघडी ठेवावी, आणि गच्चीवरची टाकी काळी असल्यास तिला ओले गोणपाट गुंडाळावे.