दोन नर फायटर मासे एकाच टाकीत राहतील का?
नाही राहत भाऊ, 2 फुटाच्या टाकीतही नाही. लहानपणापासून सोबत वाढवले तं जमेल म्हणता, पण वयात आले की नर एकमेकांचे पंख फाडतेच, तिकडं त्याच्या मूळ मुलखात, थायलंडच्या धानाच्या बांधीत हरलेला पळून तरी जाते, टाकीत कुठं जाईल बिचारा? मधात साधी काचही नोका लावू, समोरचा दिसला की दिवसभर गलफडं फुगवून थकते. 15-20 लिटरच्या दोन वेगळ्या टाक्या करा, मधात पुठ्ठा उभा करा, वरून जाळीचं झाकण, कारण हा उडी मारते. लाइन गेली अन् हवेचा पंप बंद पडला तरी घाबरू नका, फायटर वरची हवा घेते. मे महिन्यात मात्र टाकी टिनाखाली नोका ठेवू, 24-28 डिग्री पाणी पायजे त्याले.